वाट्याचा फादर

"ब्रिजीतबाय, आता माका फादर म्हणू नकात," असं फोनमधून आलं तेव्हा ब्रिजीत बांगडे साफ करत होती. मोबाईल खांद्यानं कानाशी दाबून धरलेला, मान वाकडी, दोन्ही हात रक्तानं चिकट. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे फादर बेंजामिनचा वाढदिवस यायचा, दरवर्षी ती फोन करायची, म्हणून काही हातातलं काम बाजूला ठेवून बसावं इतकं अप्रूप त्या फोनचं राहिलं नव्हतं. वाढदिवसाचं म्हणून झालं, तब्येत विचारून झाली, रक्तदाबाच्या गोळ्या विचारून झाल्या. तेवढ्या बोलण्यात तोंडातून किती वेळा 'फादर' गेलं असेल याचा हिशेब कोण ठेवतो? आणि मग तिकडून ते वाक्य आलं. तिला वाटलं, शेजारी कुणी बसलं असेल, त्याच्याशी बोलत असतील. "काय म्हटलात फादर?" तिनं विचारलं. "मी सोडलंय," तो म्हणाला. "पावसाळ्याआधीच. लगीनय केलंय. तुमका सांगूचा होता, पण धीर झालो नाय." त्यावर ब्रिजीत "हां हां, बरां बरां" म्हणाली. गॅसवाला सिलिंडर उद्या येईल म्हणाला की ती जसं म्हणते, अगदी तसंच. आणि लगेच तिनं "जेवलात?" असं विचारलं. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते. तो "जेवतंय आता" म्हणाला, बिचारा, आणि फोन बंद झाला. परड्यातलं मांजर तोवर एक बांगडा घेऊन गेलं होतं, आणि ते डोळ्यांसमोर जात असताना ब्रिजीतनं त्याला हाकललंही नाही.

मोठं काही कानावर पडलं की माणसाला मोठं काही वाटतं असं नाही. ब्रिजीतला पहिल्यांदा आठवली ती मोबाईलमधली नावं. वाडीतल्या चर्चमध्ये आजवर झालेले जितके फादर हयात होते ते सगळे तिच्या फोनमध्ये 'फ'खाली एकत्र होते. फादर ऑल्विन, फादर नेल्सन, फादर बेंजामिन. आता याच्या नावातला फादर काढला तर तो 'ब'मध्ये जाणार. बबन इलेक्ट्रिशियन, बाबली रिक्षा, बेंजामिन. एका अक्षराचंच तर अंतर, बाराखडीत अगदी शेजारी शेजारी, असा विचार करून ती स्वतःशीच हसली. तिनं हात धुतले, पुसले, फोन उघडला, ते नाव शोधलं आणि काही न बदलता परत बंद केला. सकाळभर तिनं हे असंच चालवलं. दुपारी बांगड्याच्या कढीत त्रिफळं घालायची राहून गेली. एकटीचंच जेवण, त्यामुळे तक्रार करायला कोणी नव्हतं.

आचऱ्याच्या रस्त्यावरून समुद्राकडे वळलं की ही वाडी लागते. कोसेसांव सायबिणीचं, म्हणजे मरियामातेचं, ठेंगणं चर्च, भोवती माड, माडांमधून किरिस्तांवांची घरं, आणि दगडी गडग्यापलीकडे हिंदूंची. बाहेरचा माणूस मासे खायला तोंडवलीला जातो, खेळायला तारकर्लीला जातो, इथं कोणी येत नाही, आणि त्याचं इथल्या माणसांना काही वाटत नाही. पण या चर्चची एक रीत आहे, ती मात्र दुसरीकडे कुठे नाही असं वाडीतले छाती काढून सांगतात. फादर म्हणजे काय, येणारा आणि जाणारा. चार वर्षं राहतो, बिशपांचा हुकूम येतो, की चालला आंबोलीला नाहीतर देवगडला. दुसरीकडे लोक हार घालतात, डोळे पुसतात आणि गाडीची धूळ खाली बसायच्या आत नव्या फादरला काय आवडतं त्याची चौकशी सुरू करतात. इथं निरोपाच्या दिवशी जाणारा फादर एका घराला दिला जातो. रापणीच्या जाळ्यातली मासळी वाळूत ओतून तिचे वाटे घालतात ना, तसा. तो त्या घराचा वाटो. जन्मभर त्याला त्या घरानं फोन करायचा, कोकमाचं आगळ आणि सोलं पाठवायची, आजारी पडला की बघायला जायचं, आणि गेलाच तर त्याच्या सख्ख्या बहिणींच्या बाकावर या घरच्या बायकांनी बसायचं. डिसेंबरात सायबिणीचं फेस्त, म्हणजे सण असतो, तेव्हा हे सगळे जुने फादर येतात. मिस्साची प्रार्थना झाली की पांढरे झगे घालून चर्चच्या पायरीवर उभे राहतात, आणि खालून एकेका घरची बाई आपल्या फादरला हाक मारते. तो उतरून येतो. ती हात जोडून बेसांव मागते, म्हणजे आशीर्वाद. तो तिच्या कपाळावर खूण करतो, आणि ती त्याला जेवायला घरी नेते. बेसांव धाकट्यानं मागायचं आणि थोरल्यानं द्यायचं अशी जगाची रीत. पण फादरकडे नव्वदीची म्हातारीसुद्धा मागते, मग तो फादर तिच्या नातवाच्या वयाचा का असेना. वाट्याला आलेला फादर लहान की मोठा, गोड की तुसडा, हे बोलायचं नसतं. रापणीतसुद्धा कुणाच्या वाट्याला पेडवे येतात, कुणाच्या सुरमई. ब्रिजीतच्या वाट्याला सुरमई आली होती, असं सगळे म्हणत. ती स्वतः कधी म्हणाली नाही, पण ऐकायला तिला आवडायचं.

बेंजामिन वाडीत आला त्या वर्षी ब्रिजीतचा नवरा वारला. सायमन बोटीवर होता, बहरीनला धक्क्यावर छातीत कळ येऊन पडला, आणि पेटी दाबोळीच्या विमानतळावर उतरवून घ्यायला जावं लागलं. मुलगा डेंझिल तेव्हा शाळेत. दीर लोक गाडीत मागं पेटीबरोबर बसले, ब्रिजीत पुढे, आणि मध्ये हा नवा फादर, मिसरूड फुटलेल्या पोरासारखा दिसणारा. तिला धडकी भरली होती ती याच्या तोंडाचीच. येता येता आता हा देवाची इच्छा म्हणेल, परीक्षा म्हणेल, सायमन चांगल्या जागी गेला म्हणेल, आणि आपल्याला मान डोलवावी लागेल. पण तो काही बोललाच नाही. पेडणे गेलं, पत्रादेवी गेली. बांद्याला हॉटेल दिसलं तसा तो ड्रायव्हरला थांबायला सांगून तिला म्हणाला, "चाय घेवया?" आणि ती उतरली. बाहेर गाडीत नवऱ्याची पेटी होती आणि आत ती बशीत ओतून चहा पीत होती. चहा चांगला होता, आलं घातलेला, आणि तो चांगला लागतोय याची तिला इतकी लाज वाटली की तिनं बशी खाली ठेवली. फादरनं ते पाहिलं. त्यानं दुसरा चहा मागवला, स्वतःसाठी, आणि सावकाश प्यायला. ती पुन्हा बशी उचलेपर्यंत. पुढं कित्येक वर्षं ब्रिजीत चर्चमध्ये गुडघे टेकून देवाची आठवण काढायला बसली की तिला मध्येच बांद्याचा चहा आठवायचा, आणि तिला ते पाप वाटायचं नाही. आता तिला प्रश्न पडला, की त्या दिवशी तिच्या शेजारी जो बसला होता तो कोण होता? फादर होता की बेंजामिन? झग्यानं चहा मागवला की आतल्या माणसानं? आणि आतल्याच माणसानं मागवला असेल, तर मग तिनं इतकी वर्षं बेसांव कुणाकडे मागितलं?

बातमी वाडीत पोचायला आठवडा लागला, म्हणजे वाडीच्या मानानं उशीरच झाला. इनास डायस घरी आला. इनास चर्चच्या मंडळीचा अध्यक्ष. आधी जन्मभर एसटीत कंडक्टर होता, आणि माणसं कुठं बसवायची, कुणाला उठवायचं, याची सवय रिटायर होऊनही गेलेली नाही. घरापुढच्या खळ्यात खुर्ची घेऊन तो बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "कळला मां तुका?"

"कळला," ब्रिजीत म्हणाली.

"मगे तुजो वाटो सुटलो."

"सुटलो म्हणजे कसो?"

"वाटो झग्याचो असता, ब्रिजीत. माणसाचो न्हय. झगो गेलो, वाटो गेलो. तुजो काय दोष नाय त्याच्यात." इनास वाईट माणूस नव्हे. वाडीत कुणाचा पाय मोडला तर मालवणच्या दवाखान्यात रात्र काढणारा पहिला माणूस तोच. त्यानं आणखी मऊ आवाजात सांगितलं, "फादर नेल्सन मे म्हयन्यात घायत बदली होवन गेले, निरोप करूक जमाक नाय, म्हणान तेंका अजून घर लागूक नाय. तू घे. बरो माणूस. गाडीय आसा तेंची, सणासुदीक येवकजावक बरा. फेस्ताच्या आधी काय ता सांग, जेवणाचो घोळ नको."

ब्रिजीत हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. तिला इनासचा राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण त्याचं म्हणणं तिला पटत होतं, निदान डोक्याला तरी. आणि दुसरं, जे ती इनासला काय, सायबिणीलासुद्धा सांगणार नव्हती, ते असं की तिला भीती वाटली. डेंझिल कुवेतला, वर्षाआड येतो तो सासुरवाडीला म्हापशाला जास्त राहतो. तिच्या घरात कुणी यावं असं कारण वर्षातून एकदाच घडायचं, फेस्ताच्या दुपारी. त्या दिवशी पायरीखालून हाक मारणाऱ्या बायकांत ती उभी असायची, आणि तेवढ्यापुरतं तिचं घर हे घर असायचं. वाटो नसलेली घरंही वाडीत होती. त्या बायका मिस्सा झाली की पदर सावरून मागच्या वाटेनं सरळ घरी जात. ब्रिजीतनं त्यांना जाताना कित्येकदा पाहिलं होतं, आणि दरवेळी मनात म्हटलं होतं, बिचाऱ्या. नेल्सनला घेतलं तर काय बिघडणार होतं? झगा तोच, पायरी तीच, वडे आणि शागोती तीच. कोणी नावं ठेवली नसती. उलट शहाणी म्हटली असती.

गडग्यापलीकडची मथुरा तिची लग्न होऊन आल्यापासूनची शेजारीण. तिच्यापासून काही लपत नाही, कारण तिचा अर्धा दिवस गडग्याशीच जातो. तिला सांगितलं तर ती हातातली केरसुणी तशीच धरून म्हणाली, "लगीन केल्यान? मगे बरां झाला. म्हातारपणी पेज कोण देतला तेका?"

"आमच्यात चलणा नाय गो."

"आमचो भटजी बघ. लगीन केल्यान, तीन झिल झाले, एकाचा मेडिकल आसा. म्हणान काय पूजा लागू पडणा नाय?"

"तुमचा वेगळा."

"वेगळा म्हणजे कसा ता सांग."

ब्रिजीतला सांगता येईना. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं तिला लहानपणापासून तोंडपाठ, पण त्यात मथुराचा प्रश्न नव्हता. मथुरानं मग विषय सोडून दिला आणि हसायला लागली. "तुका आठवता काय गो, तू तेचो झगो धुवन दोरयेर घातललंस, मी म्हटलंय, फादराक पिळून वाळत घातलंस?" आठवत होतं. पावसाची उघडीप होती, झग्याची बटणं एकाखाली एक अशी गळ्यापासून पायापर्यंत, आणि खालून पाणी टपकत होतं. फादर तेव्हा चर्चच्या घरात तापानं फणफणला होता. ब्रिजीत पेज घेऊन गेली तर लुंगीवर पडलेला, चादरीतून पावलं बाहेर. एका पावलाला कुरूप होतं. सायमनच्या पावलालाही अगदी त्याच जागी होतं. ब्रिजीतनं पटकन नजर वळवली होती, पाहू नये ते पाहिल्यासारखी, आणि पेजेचा वाडगा उशाशी ठेवून निघून आली होती. दोरीवर झगा अजून टपकत होता. तिला तेव्हा वाटलं होतं की फादर खरा तो हा, दोरीवरचा. आणि चादरीतली पावलं दुसऱ्याच कुणाची आहेत, ती आपण विसरून जावीत. आता इतक्या वर्षांनी ती पावलं तिला पुन्हा दिसू लागली, आणि त्यांच्याबद्दल तिला वाईट वाटलं. झगा बिशपांनी काढून घेतला असेल. पावलं होती तशीच आहेत, कुरूप असेल नसेल, आणि त्यांना आता चप्पल कोण आणतं?

मनाचे खेळ असे, की एकदा सुरू झाले की नको तिथं जातात. एके दुपारी ती खाटेवर पडली होती आणि तिला एकदम कन्फेशन आठवलं. चार वर्षं तिनं जाळीपलीकडच्या त्या कानात आपली पापं ओतली होती. ती पापं आता कुठं आहेत? लग्न झालेला माणूस रात्री बायकोशी बोलतो. सायमन तर बोटीवरच्या गोष्टी सांगून झोपू द्यायचा नाही. ब्रिजीत उठून बसली. मग तिनं आपली पापं आठवून पाहिली. सासूला मनात शिव्या दिल्या. उपासाच्या शुक्रवारी सुकटीचा वास घेतला आणि वासानं अर्धी जेवले. मथुराच्या पेरूच्या झाडाचे पेरू, फांदी आपल्या बाजूला आली म्हणून, न विचारता काढले. ही ऐकून कोणाची बायको जागी राहील? तिला हसू आलं आणि त्या हसण्यात थोडं दुःखही होतं; की एवढ्या विश्वासानं कुणाच्या कानात सांगायचं, आणि सांगायला आपल्याजवळ होतं ते इतकंच. तरी त्यानं कधी घाई केली नव्हती. सुकटीच्या वासाचं ऐकतानाही तो एवढा गंभीर असे, की ती जाळीबाहेर आली की तिला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. आणि हे तिला आता खात्रीनं वाटलं, की तो सांगणार नाही. झगा असो की नसो. हे कशावरून, असं इनासनं विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

नव्या फादर ऑल्विनला ती भेटली. तरुण, चष्मेवाला, बोलणं ऑफिसातल्यासारखं शुद्ध. तो म्हणाला, "बोलावण्याला माझी हरकत नाही. चर्च सगळ्यांचं आहे. फक्त पायरीवर त्यांना उभं राहता येणार नाही, हे तुम्ही समजून घ्या." ब्रिजीतनं विचारलं, "आणि वाटो?" फादर ऑल्विननं चष्मा काढला, पुसला. "वाट्याबद्दल चर्चच्या कायद्यात काहीच नाही, ब्रिजीतबाय. ती तुमची रीत. तुम्हीच ठरवा." म्हणजे जिथून कुणीतरी सांगेल म्हणून ती गेली होती, तिथूनही ती रिकाम्या हातानं परत आली. रस्ताभर तिला त्या पोरसवदा फादरचा राग येत राहिला. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि आपल्याला असं वाटावं याचीच तिला शरम वाटली.

फोन करायला तिनं नोव्हेंबर संपत आणला. नंबर लावला, तिकडून "बोला ब्रिजीतबाय" आलं, आणि हिच्या तोंडाशी शब्दच येईना. फादर म्हणायचं नाही. बेंजामिन म्हणावं, तर तोंड उघडेना. बाब म्हणावं, तर तो काय दुकानदार आहे? तो तिच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. वाडीत त्याच्या वयाच्या पुरुषांना ती बेधडक अरेतुरे करते. पण ज्याच्याकडे हात जोडून आशीर्वाद मागितला त्याला 'रे' कसं म्हणायचं? शेवटी ती म्हणाली, "ऐकलात? फेस्ताक येवा." पुढचंही सगळं असंच, "तुमी येवा", "ऐकतात मां", "कळला मां", नावाला वळसा घालून घालून. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे तर जुन्या बायका नवऱ्याशी बोलत तसं झालं, आणि साठी उलटलेल्या त्या बाईचे कान एकट्या घरात लाल झाले. तो मात्र फोनवर आधी नकोच म्हणाला होता. "माका पायरेर उबो रवाक देवचे नाय, ठाऊक आसा. इलंय तर तुमकाच तरास." ती म्हणाली, "तरासाचा माका बघूदे." आणि घाबरत घाबरत पुढं म्हणाली, "तिकाय घेवन येवा." त्यावर तो म्हणाला, "तिचां नाव समीक्षा. कसालची. नर्स आसा."

फेस्ताच्या दिवशी ती पहाटेच उठली. वड्यांचं पीठ आदल्या रात्री मळलेलं, कोंबडी शिजत घातली, नारळ वाटला. वाटण वाटताना ती पुटपुटत होती, बेंजामिन रे, चल जेवूक. बेंजामिन रे. हातातला वरवंटा पुढे गेला की बेंजामिन, मागे आला की रे. मथुरानं गडग्यावरून विचारलं, कुणाक शिव्या घालतंस गो? तासाभरात शब्द तोंडात बसला. कॉलेजातल्या पोरीसारखी ती तो शब्द म्हणत म्हणत साडी नेसली आणि चर्चला गेली.

मिस्साभर तिचं लक्ष मागे होतं. तो आला, उशिरा, मांडवाच्या शेवटच्या खांबाशी उभा राहिला. पिवळसर शर्ट, बाहेर सोडलेला. पोट थोडं सुटलेलं. शेजारी हिरव्या साडीतली बाई, हातात केकचा खोका, कुठं बघावं ते न कळल्यामुळे सारखी खोक्याकडेच बघणारी. वाडीतल्या काहींनी त्याला मान हलवली, काहींना नेमके तेव्हाच मोबाईलमध्ये काम निघालं. मिस्सा संपली. पांढरे झगे पायरीवर ओळीनं उभे राहिले आणि हाका सुरू झाल्या. एकेक फादर उतरला, बेसांव दिलं, हसत घरी गेला. फादर नेल्सन कडेला उभे होते, कुणीतरी आपल्याला हाक मारणार आहे अशा चेहऱ्यानं. इनास ब्रिजीतजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मार हाक. ते वाट बघतत." तिचा वाटो सुटला हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आवाज कमी झाला होता.

ब्रिजीतनं तोंड उघडलं, आणि वाटणावर इतका वेळ घोटलेला शब्द कुठं गेला कुणास ठाऊक. "फादर," अशी हाक तिच्या तोंडून गेली. पायरीवर उरलेले सगळे तिच्याकडे वळले. फादर ऑल्विन वळला. फादर नेल्सननी एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. वळला नाही तो फक्त ज्याला हाक मारली होती तो. हजेरीतून नाव कमी केलेल्या मुलासारखा तो बुटांकडे बघत उभा होता.

"तुमी न्हय ओ," ब्रिजीत फादर नेल्सनना म्हणाली. ते जरा मोठ्यानंच गेलं. कुणीतरी हसलं. नेल्सननी पाय परत वर घेतला, चांगल्या माणसासारखा. बाईनं जागेवर उभं राहायचं आणि फादरनं उतरून यायचं अशी रीत. पण ब्रिजीत चालू लागली, मांडवाच्या मधून, खुर्च्या सारत, आणि आपले पाय कुठं पडतायत ते तिला कळत नव्हतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. जन्माची सवय, हात आपोआप जुळले, मान खाली गेली आणि ती म्हणाली, "बेसांव दिया." आणि त्याच क्षणी त्यानंही हात जोडून मान खाली घातली होती. आता तो धाकटा होता आणि ही थोरली, हे कणकवलीपासून बसमध्ये तो मनाशी घोकत आला असणार. "बेसांव दी गे मांय," तो म्हणाला. दोघांचं एकदमच झालं. दोघंही खाली बघत उभी, दुसरा देईल म्हणून. समीक्षानं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. इथं नमस्कार असाच करत असतील असं तिला वाटलं. तिनं केकचा खोका खुर्चीवर ठेवला, हात जोडले आणि शाळेत कविता म्हणावी तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "बेसांव द्या."

मागणारी तिघं झाली आणि देणारं कोणी नाही. ब्रिजीत वाट बघत राहिली. पायरीवर देणारे होते, हवे तितके, पण त्यांच्यातलं कोणी खाली आलं नाही, आणि यावं असं तिला वाटलंही नाही. तिनं नजर वर केली तर समोर त्याचं डोकं होतं. इतक्या वर्षांत ते तिनं वरून कधी पाहिलं नव्हतं; तो नेहमी उभा आणि ही वाकलेली. टाळूवर केस विरळ झाले होते. तेल लावून चापून बसवलेले, कुणीतरी काळजीनं भांग पाडून दिल्यासारखे. तिचा हात वर गेला. हाताला नारळाच्या वाटणाचा वास अजून होता. तो तिनं त्या टाळूवर ठेवला, थोडा दाबून, डेंझिलला विमानतळावर सोडताना ठेवते तसा. "देव बरां करू," ती म्हणाली. मग दुसरा हात तिनं त्या पोरीच्या डोक्यावर ठेवला, तिच्यासाठी पुन्हा तेच म्हणाली, आणि दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून ती जराशी तशीच उभी राहिली, कारण पुढं काय करतात ते तिला ठाऊक नव्हतं. ज्यांनी तिला इतकी वर्षं बेसांव दिलं त्यांनाही देताना असंच वाटत असेल का, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"चल रे," ती म्हणाली, "वडे निवतत." आणि ती पुढे निघाली. आपण त्याला काय म्हटलं हे तिच्या लक्षात आलं ते घराची पायरी चढताना. तोवर तो मागच्या दारी जाऊन हात धूत होता, आणि समीक्षा गडग्यापलीकडच्या मथुराला आपलं माहेर कुठलं ते सांगत होती.